‘तू’ की ‘तुम्ही’

४ मार्च १९९८, मस्कत

चक्क आपला ‘तू’! जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातली आयरिश नोरा सांगत होती – आयरिशमध्ये समोरच्या एकट्या माणसाला ‘तू’च म्हणतात. शेजारी असो, देव असो. इटलीचा रेंझो उडालाच! इटालियनमध्येही ‘तू’. पण फक्त घरच्यांना, मित्रांना, अर्बाबला, म्हणजे साहेबाला, नाही. आणि बहुतेकदा शब्द गाळूनच टाकतात, क्रियापदावरून कळतं.

ड्रॉइंगवरून मान वर न करता भानुदास म्हणाले, "मूळ एकच. संस्कृतातलं ‘त्वम्’, आपलं ‘तू’, सगळी एकाच घरातली."

मग मला, "चहा घ्यायचा का?"

६ मार्च

गाला भागातल्या या ऑफिसात भानुदास आणि मी सहा वर्षं शेजारी बसतो. या माणसाने मला कधी ‘तू’ म्हटलं नाही – ‘तुम्ही’ही नाही! शब्द गाळला तरी ‘आलीस’, ‘आलात’वरून कळतंच. म्हणून ते क्रियापदच असं निवडतात की काही कळू नये. "फाइल मिळेल?" "निघायचं?" बाकी सगळं इंग्रजीत.

आणि मी? "जेवण झालं?" मीही तेच करते!

७ मार्च

माझा नवरा एकनाथ जाऊन नऊ वर्षं झाली. इथे मला ‘तू’ म्हणणारं कोणी नाही.

१५ मार्च

भानुदास कायमचे नागपूरला चालले. लेक श्वेता दहावीत जाईल. आई नाही तिला, आजीकडे वाढली. "आता तिच्याजवळ राहायला हवं." बरोबरच आहे.

जिन्यात थांबून म्हणाले, "पत्र पाठवलं तर चालेल?"

चालेल म्हटलं. दार्सैतला घरी येऊन घासलेली भांडी पुन्हा घासली. पहिल्या ओळीत काय लिहितील?

२८ मार्च

सीब विमानतळ. नोराने गाडीतून नेलं. ट्रॉली, गर्दी.

"निघायचं आता," तो म्हणाला.

माझ्या तोंडून सुटलं, "तू जाऊ नकोस."

सगळ्यांसमोर! तो पासपोर्ट धरून नुसता उभा. मग वळला आणि गेला.

५ एप्रिल

पत्र नाही.

११ एप्रिल

नाही. चुकलंच माझं. नोरा म्हणते, "आमच्यात ‘तू’ म्हणायला धीर लागत नाही." तुमच्यात!

१४ एप्रिल

जयंतीचा कार्यक्रम आटोपून दार उघडते तोच फोन. नागपूरहून. कोवळा, अनोळखी आवाज –

"मी श्वेता. बाबा इथेच उभेत, पण बोलतच नाहीत. मावशी, तू कधी येतेस?"