कोटाच्या खिशातले कागद

बाबा,

तुम्ही फिरायला गेलात आणि तुमचा फोन इथे उशीखाली वाजतोय! मला कामावर पळायला हवं, म्हणून लिहून ठेवतेय. कोट धुवायला घेतला, तर खिशात आमच्या कारखान्यातल्या शुगर-फ्री गोळ्यांचे मूठभर कागद. एकट्याने अख्खी बरणी फस्त केलीत?

साखर नाही म्हणजे कितीही खा, असं नसतं हो. त्यात सॉर्बिटॉल असतं. टूथपेस्ट वाळू नये म्हणून घालतात, खोकल्याच्या औषधात गोडीला घालतात, तेच. जास्त झालं की आतड्यात पाणी ओढतं आणि जुलाब लागतात; इतके दिवस तुमचं पोट बिघडलंय ते यामुळेच असणार. बरणीवर बारीक अक्षरात छापलंय, पण चष्मा लावाल तर शपथ!

तुम्ही मनात काय धरून बसलाय, ते मला कळत नाही का? आईचं शेवटचं आजारपणही असंच पोटापासून सुरू झालं होतं. मलाही कुठे झोप लागतेय? आज एकही गोळी तोंडात टाकायची नाही. पाणी भरपूर प्या. संध्याकाळी डॉक्टरांकडे मी बरोबर येते, एकटे जाऊ नका.

काल "ठेव तुझ्याकडे, आता मला काय उपयोग" म्हणत दिलेलं घड्याळ या चिठ्ठीवर ठेवलंय. मुकाट्याने मनगटावर चढवा.