वीस मुठी सोडा

ता. २ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की माझी दुसरी भट्टीही वाया गेली. पहिल्या खेपेला भांड्यांखाली मातीच्या गोळ्या ठेवायला विसरले, तर सगळी भांडी फळीला चिकटून बसली. ती आता एकच वस्तू आहे. आमच्या कुंभारकामाच्या गटातल्या एकीने तिला शिल्प म्हटलं.

या खेपेला मात्र सगळं तू लिहिलंस तसंच केलं. भट्टी तुझ्याच भट्टीच्या मापाची, वीट न वीट मोजून बांधलेली. आच पुरेशी झाल्याची खूण म्हणून ठेवलेला मातीचा शंकू वाकल्यावर वीस मुठी सोडा, ओल्या कागदात मुठीमुठीच्या पुड्या बांधून, भट्टीच्या दोन्ही खिडक्यांतून टाकला. वाफेने भांड्यांवर चमक चढायची, ती चढलीच नाही. बरण्या कोरड्या ठणठणीत निघाल्या. आईने एक उचलून हात फिरवला आणि टाचा घासायला ठेवून घेतली.

माझी बिनपगारी रजा ३१ मार्चला संपते. प्रदर्शनवाल्या बाई पंधरा मार्चला येणार आहेत. तुझ्या भांड्यांसारखी झिलई दिसली तर मला एक अख्खी भिंत देईन म्हणाल्या. नाही दिसली, तर एक तारखेपासून मी पुन्हा कचेरीत, जन्मदाखल्यांच्या टेबलावर. काका गेल्यापासून तीन वर्षं तू एकटीने भट्टी लावतेस आणि मला एवढंसं जमू नये? काय चुकतंय ते लिही.

बाकी ठीक. लोभाची आच मंद होऊ देऊ नकोस.

तुझी,
चिमी


ता. ९ फेब्रुवारी

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईला म्हणावं, टाचा झाल्या की बरणी परत दे. नणंदेच्या हाताखाली शिकलेल्या पोरीचं काम आहे ते.

तू घाई केली असशील. लहानपणी दूध तापायच्या आत साय शोधायचीस. सोडा टाकल्यावर शंकूवर विसंबू नये, वाफ लागली की तेही खोटं बोलायला लागतात. खिडकीजवळ मातीच्या कड्या ठेव आणि सळईने एकेक बाहेर काढून बघ. संत्र्याच्या सालीसारखी बारीक फुगीर चमक आली पाहिजे. वाऱ्याचंही बघ, धुराड्याचं झाकण फार उघडं राहिलं तर वाफ भांड्यांना न भेटताच निघून जाते.

मुठी मात्र वीसच. चाळीस वर्षं वीसच पडल्या आहेत. हयगय करू नकोस. माझी तब्येत उत्तम, मला काय धाड भरली आहे.

आशीर्वाद आहेतच, ते मोजून देत नाही.

आत्या


ता. १७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र गटात वाचून दाखवलं. कड्यांची युक्ती सगळ्यांना पटली. एकाने वहीत चित्रही काढलं.

आमच्यात एक निवृत्त इंजिनिअर आहेत, ते फक्त ताटल्या करतात आणि त्या खरोखर गोल असतात. त्यांनी विचारलं की मूठ म्हणजे किती ग्रॅम, आणि कुणाची. मग पाचही जणांनी मूठ भरून तोलली, पाच वजनं आली. माझी सगळ्यात लहान, सत्तर ग्रॅम. तुझी किती भरते तेवढं फक्त कळव. शेवटच्या भट्टीपुरतीच माती उरली आहे आणि मला खरंच भीती वाटते गं.

दोन ओळी लिही, पण लगेच लिही. राग असला तरी लोभ ठेव.

तुझी,
चिमी


ता. २ मार्च

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझ्या इंजिनिअरांवर चिडून चार दिवस गेले, बाकीचे स्वतःवर.

माझी मूठ तोलून उपयोग नाही. माझी भट्टी तीन वर्षं पेटलेली नाही. मी तिच्यात कुदळ आणि जुनी छत्री ठेवते. एकटी भट्टी लावते म्हणून लोकांनी कौतुक केलं, मी नाही म्हटलं नाही. पुढे तू विचारायला लागलीस आणि इतकं बरं वाटलं, की जे आठवत होतं ते लिहीत गेले.

वीस मुठी ह्यांच्या. मी खिडकीची वीट काढायची आणि मोजायची, टाकायचे हे. ह्यांच्या हातात किती मावतं ते कधी विचारलं नाही, कारण हात घरातच होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी उघडली तर रिकामी निघाली. तुझी एक भट्टी मी वाया घालवली, त्याची लाज वाटते.

आता वीस विसर. कडी सांगेल तिथे थांब, आणि टाकशील ते तोलून टाक.

रागावलीस तर हक्क आहे. रागावून झालं की पत्र टाक.

आत्या


ता. १६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागावले होते. बुधवारपर्यंत.

इंजिनिअर काटा घेऊन भट्टीपाशी बसले. माझ्या सत्तर ग्रॅमच्या मुठीच्या वीस पुड्या संपल्या आणि कडी काढली, तर तशीच कोरडी. पुढे टाकायला हात धजेना, जास्त झालं तर सगळं वितळून वाहायचं. तरी टाकत गेले. त्रेचाळिसाव्या पुडीला कडी चमकली.

काल बाई आल्या. बरण्यांवरून एकदा हात फिरवला, मग पुन्हा फिरवला, आणि भिंत दिली. आज राजीनामा देऊन आले. कारणाच्या रकान्यात ‘सोडा’ लिहिलं. साहेब म्हणाले, नोकरी सोडायची हे कळलं, पण कारण काय.

एकूण तीन किलो लागला. त्याला विसाने भागायचं. आत्या, काकांची मूठ दीडशे ग्रॅमची होती. इंजिनिअरांनी दोनदा भागून पाहिलं.

लोभ आहे तसाच, वजनात घट नाही.

तुझी,
चिमी


ता. २२ मार्च

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

भिंतीबद्दल शाबास.

पत्र वाचलं आणि दीडशे ग्रॅम सोडा तोलून मुठीत घ्यायला गेले. निम्मा ओट्यावर सांडला. एवढा हात होता ह्यांचा. कपाच्या कानात बोटं अडकायची, आणि मी जन्मभर म्हणत राहिले की ह्यांना कप धरता येत नाही. कधी एक मोठ्या कानाचा कप करून दिला नाही. कुंभारीण असून. फार रडले.

मग ओटा पुसला आणि काट्यावर तोलून वीस पुड्या बांधल्या. भट्टी झाडून ठेवली आहे. रविवारी सकाळी ये. पुड्या तू टाक, मोजायला मी आहे.

आत्या