तिसऱ्या मजल्यावरून खाली

मांजलपूर, बडोदे

प्रिय निरुपमा लक्ष्मीकांत कर्णिक,

संपूर्ण नावाने हाक मारल्याबद्दल तू हसशील. डब्यांच्या झाकणांवर मी तुझे पूर्ण नाव घालून आणले, तेव्हा "भांडी काय सातबाऱ्यावर चढवायची आहेत?" असे तू विचारले होतेस. परंतु तू गेल्यापासून नुसते 'निरुपमा' म्हणायला गेलो, की आवाज अर्ध्यात अडकतो. पूर्ण नाव कार्यालयीन शिस्तीने शेवटपर्यंत जाते.

मोहनाने वाणिज्य शाखा सोडून आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला आहे. याचे कारण तुला नेणाऱ्या रुग्णवाहिकेतील ती मुलगी. "बेन, हवे मास्क पहेरावुं छुं. बेन, हवे गाडी वळशे, गभराशो नहीं." आता मास्क लावते, आता गाडी वळेल, घाबरू नका, असे हात लावण्याआधी ती तुला सर्व सांगत होती. तुझी भीती त्या बोलण्याने उतरत गेली, हे आपल्या लेकीने पाहिले. रुग्णाला आधी सांगायचे, मग हात लावायचा, हा त्यांच्या वर्गातील पहिला पाठ असतो, असे तिने मला नंतर सांगितले.

गेल्या महिन्यात तिची प्रशिक्षणासाठी डभोईच्या रुग्णवाहिकेवर नेमणूक झाली. दिवसपाळी, रात्रपाळी, तिथेच राहणे भाग. न गेल्यास वर्ष वाया. मी नकार दिला आणि प्रवास, प्रकृती, सुरक्षितता अशी कारणे क्रमवार मांडली. खरे कारण एवढेच होते, की ती गेल्यावर या घरात दुसरा श्वास उरणार नव्हता. तिने वाद घातला नाही. आम्ही समोरासमोर जेवत होतो आणि "वरण?" "नको" याखेरीज बोलत नव्हतो. मी स्वतः तर जिना उतरणेही सोडले होते. भाजी केयूर आणून देई. केयूर म्हणजे तिच्या वर्गातला मुलगा, शेजारच्या सोसायटीत राहतो, आणि मला 'काका' म्हणत माझ्याच खुर्चीत बसतो.

परवा रविवारी दोघांना सरावासाठी रुग्ण हवा होता. रुग्णाला खुर्चीत बांधून जिन्यावरून उतरवण्याची त्यांची परीक्षा आहे. मोहनाने विचारले, आणि नकारांची माझी शिल्लक संपली असावी. त्यांनी मला जेवणाच्या खुर्चीत बसवून सामानाच्या पट्ट्यांनी बांधले. हात आत, छातीवर. "काका, तुम्ही बेशुद्ध आहात, सूचना देऊ नका," केयूर म्हणाला. एक मजला उतरलो आणि वळणावर खुर्ची अडकली. शेजाऱ्यांचे चपलांचे कपाट पुढे, कठडा मागे. खालून घरमालकीण मंदाबेनचा आवाज आला, "अरे, कर्णिकभाईंना कुठे चालवलंत? जीव आहे ना अंगात?" "आहे, मावशी, म्हणूनच जड आहेत," असे म्हणून केयूर कपाट सरकवायला माणूस आणण्यासाठी त्यावरूनच उडी मारून खाली धावला.

मोहना पाठीमागे खुर्ची तोलून उभी होती. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, केवळ आवाज ऐकू येत होता. त्या रुग्णवाहिकेतल्या मुलीसारखा, सपाट आणि स्वच्छ. "बाबा, आता तुम्हांला थोडं मागे झुकवते आहे. आता डावा पट्टा आवळते आहे." आणि त्याच स्वरात, "बाबा, उद्या सोमवारी मी डभोईला जाते आहे. आधी सांगते आहे."

अशा वेळी मी उठून दुसऱ्या खोलीत जातो, हे तू जाणतेस. तिथे खोली नव्हती, आणि हात बांधलेले होते. मी विचारले, "रुग्णाने नकार दिला तर?"

"तर पुन्हा सांगायचं. घाबरायचा हक्क असतो त्याला."

"रुग्ण घाबरलेला आहे," मी म्हणालो.

"कळतंय, बाबा. मी धरलंय."

खाली माणसांची पावले वाजू लागली होती. मी म्हणालो, "मग उतरव मला."

मोहना काल डभोईला गेली. अकोट्याला आपल्या ओळखीच्या उदयसिंहरावांच्या बंगल्यात तळमजल्याच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. मी तिथे राहायला जात आहे. तिला सुट्टी मिळेल तेव्हा ती थेट तिथे येईल.

तुला हे लिहून कळवणे आवश्यक होते. या घरातून तू निघालीस ती "दूध उतू जाईल, बघा, मी आलेच" असे सांगून निघालीस. मी तुझे म्हणणे कधी खोटे मानले नाही. म्हणून इथून हललो नाही. तू आलीस तर दार उघडायला कोणी असावे, आणि ते उशीर न लावता उघडावे, यासाठी मी दिवसभर दाराकडे तोंड करून बसत होतो. मोहनालाही बसवत होतो. निरुपमा, यापुढे इथे येऊ नकोस. दार उघडायला कोणी नसेल.

तुझाच,
लक्ष्मीकांत

ता. क. सामान टेम्पोत चढले. दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या मंदाबेनना परत दिल्या.