बाहेरची हवा

२ मार्च
— दोरीवर चादर टाकत होते, तेवढ्यात खालून हॉर्न. दूध गॅसवर, हात ओले. तरी गेले. हे म्हणाले, "बस शेजारी, आकडा वाच." धुराच्या नळीत सेन्सर बसवला होता, त्याचा आकडा समोरच्या डबीत दिसायचा. चौदा पूर्णांक सात, म्हणजे पेट्रोलच्या तितकी पट हवा, असलं की ठीक. आकडा वर गेला की पेट्रोल कमी पडतंय, खाली आला की जास्त होतंय. मी वाचायचे, हे चालवायचे आणि गाडी थांबवून लॅपटॉपात नवे आकडे घालून पेट्रोल कमी-जास्त करायचे. "सोळा!" मी ओरडले. "अजून उपाशीच का ही बया?" म्हणत ह्यांनी आणखी पेट्रोल वाढवलं. परत आलो तोवर दूध उतू गेलेलं.

हे गेल्यापासून असल्याच सकाळी आठवतात. मोठं काही आठवत नाही.

५ मार्च
गाडी सुरू करून पाहिली. काळाकुट्ट धूर! शेजारणीने खिडकी आपटून लावली.

७ मार्च
मुलीचा फोन. "आई, गाडी मला दे. पण नीट करून. नाहीतर भंगारात घाल, उगाच जीव अडकवू नकोस." अडकलाय तर अडकलाय!

११ मार्च
ह्यांचं इंजिनावरचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचतेय. शाळा लवकर सुटली, वाचायचं वेड सुटलं नाही. आज एका पानावर थबकले. इंजिन आणि सेन्सर यांच्यामध्ये धुराच्या नळीला फट असली, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर तीही मोजतो. मग पेट्रोल पुरेसं असूनही कमी दाखवतो.

म्हणजे ती कधी उपाशी नव्हतीच. आम्ही दोघं तिला कोंबून भरवत होतो!

दवाखान्यात हे म्हणाले होते, "एवढी एक गाडी काही मला जमली नाही गं." त्यावर मी उशी सारखी केली. दुसरं काय करणार होते.

१४ मार्च
भाऊजी आले. ह्यांचे धाकटे भाऊ, गॅरेज चालवतात. वाकून बघितलं — नळीच्या जोडावर काजळी! फट तिथेच. जोडातलं फाटकं गॅस्केट बदललं. गाडी सुरू केली. मी सवयीने मोठ्याने वाचलं, "अकरा."

"आता खरं बोलतेय," भाऊजी म्हणाले. मग अडखळत, "वहिनी, दादाचे आकडे काढून नवे घालावे लागतील. एवढ्या पेट्रोलने इंजिन जाईल."

"हात लावायचा नाही!"

चहा तसाच टाकून गेले बिचारे.

१५ मार्च
भाऊजींनी चुगली केलेली दिसते. मुलगी फोनवर तडकलीच. "अगं, बाबा स्वतः रोज कालचे आकडे पुसायचे! तू काय फ्रेम करून भिंतीला लावणारेस?"

फोन ठेवून दिला. कपडे देऊन टाकले, चष्मा दिला, कुठे ब्र काढला नाही. ह्यांच्या बोटांचं एवढंच उरलंय. नाही देणार. गाडी गेली भंगारात तरी चालेल.

१६ मार्च
पोरीचं खरंच, हे रोज कालचे पुसायचेच. सकाळी भाऊजींना बोलावलं. त्यांनी लॅपटॉप पुढ्यात ओढला, मी काढून घेतला. ह्यांचे सगळे आकडे मीच पुसले. भाऊजींनी नवे घातले. संध्याकाळी मुलगी गाडी घेऊन गेली.