बिनखिळ्याचा क्रूस

प्रिय बाबा,

आणि घाई करतो म्हणून बोलणी मी खायची! तुम्ही काय कमी घाई केली? मी गोव्याहून उंद्रीला पोचलो तोवर तुम्हाला माती देऊनही झाली होती. सगळ्यांच्या कबरींना क्रूस करून देणाऱ्या सुतारानं स्वतःसाठी एक करून ठेवू नये? काकानं पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या झाडाच्या, दोन काड्या तारेनं बांधल्या अन् रोवल्या.

आज लिहायचं कारण तेच. तुमच्या धाकट्या लेकीनं, रूथनं, सकाळी कबरीचा फोटो पाठवला. तार ढिली झाली, आडवी काडी फिरली. क्रूसाची फुली झाली, बाबा! शाळेत मास्तर माझ्या वहीत मारायचे तशी. चुकलं म्हणून सांगणारी.

दुपारी हॉटेलातून सुटलो की मी वळणावरच्या पांढऱ्या क्रूसाजवळ बसतो. इथं जागोजागी क्रूस, झेंडूच्या माळा घातलेले. काहींवर येशू. फोनवर मी विचारलं होतं, आपलाच काऊन रिकामा? तुम्ही हसले होते.

"तो उठला ना बे. रिकामा हाय, हेच तर शुभवर्तमान."

उन्हानं डोळे मिटतात. सागाचा वास येतो. रंध्याखालून कुरळी सालपटं उडतात, हळूहळू, खाली पडतच नाहीत. तुम्ही पाठमोरे. समुद्राचा आवाज की रंध्याचा, कळत नाही.

एकदा घाईत मी क्रूसाला खिळा ठोकला. तुम्ही हातोडी काढून घेतली.

"त्याले ठोकले ते पुरे नाही झाले काय बे?"

मग शिकवलं. दोन्ही लाकडांत अर्धी-अर्धी खाच पाडायची. दोघांनी आपलं थोडं सोडलं की एकमेकांत घट्ट बसतात. मला वाटलं, लाकडाचंच सांगताय. आठवड्यानं मी भांडून इकडे निघून आलो. मी काही सोडलं नाही. पण तुम्ही तरी? फोनवर एकदा 'ये' म्हटलं असतं तर काय झालं असतं?

रूथ म्हणते, चिखलीत सिमेंटचे तयार मिळतात, बसवून घेऊ. मी नको म्हटलं. नाताळाआधी येतो. खाच मीच पाडीन. वाकडी गेली तर दुसरी पाडीन, पण खिळा लावणार नाही. एवढा शब्द घ्या.

सागाचे पैसे रूथला आज पाठवतोय. फक्त लाकडाचे, मजुरीचे नाहीत. अठराशे रुपये.

तुमचाच,
शमुवेल