एकशे बारा ग्रॅम बादल

५ जानेवारी, सकाळी ७
तू जो कोणी ही वही उघडलीयेस, खाली ठेव. नाही ठेवणार? मग मधे बोलू नकोस. आणि ज्योती, तू असशील तर लक्षात ठेव, तुझ्या मोबाईलचा पॅटर्न मलाही माहितीय. बहीण आहेस म्हणून काहीही वाचायचं नसतं.

मुद्दा असा की मी जबाबदार माणूस आहे. दिपमालाला हे पटत नाही. काल ती बादलचा पिंजरा माझ्या टेबलावर ठेवून धुळ्याला गेली. नवीन नोकरी. पीजीवाल्या काकूंना पक्षी चालत नाही. बादल म्हणजे कॉकाटील. राखाडी अंग, पिवळी शेंडी, गालावर नारिंगी टिक्का. घरात सगळे पोपटच म्हणतात. वजन ११२ ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, लिव्हरवर चरबी आहे, असंच चाललं तर वर्ष काढणार नाही. सूर्यफुलाच्या बिया कमी करा, भाज्या आणि मोड आलेली धान्यं द्या. फेब्रुवारी संपायच्या आत शंभरच्या खाली आणा.

स्टँडवर दिपमाला म्हणाली, "एवढं करून दाखव. मग मी घरी आपलं सांगते."

म्हणजे लग्न. बारा-तेरा ग्रॅमवर. हातचा मळ आहे.

६ जानेवारी
डाएट चार्ट केला. सात दिवस, सात भाज्या, सात स्केचपेन. अडीच तास. माझ्या कादंबरीचं लिखाण आज नाही. (अकरा पानं झालीत. एकही पूर्णविराम नाही. अवघड काम आहे.) बिया कमी नाही, बंदच. मी अर्धवट काही करत नाही.

७ जानेवारी, ८.३०
पालक दिला. बादलने पान उचललं, बघितलं, पिंजऱ्याबाहेर टाकलं. पुन्हा दिलं. पुन्हा टाकलं. चार्टवर बरोबरची खूण केली. देणं माझ्या हातात होतं, ते झालं.

८ जानेवारी
गाजर किसून. वाटी उलटी. मटकी एकेक करून फेकली. मी खोलीत फेऱ्या मारल्या. तोही दांडीवर फेऱ्या मारत होता.

आई दारात उभी. "बठ्ठं टाकी देस तो. उपाशी शे बिचारा." आई धुळ्याकडची, काळजी वाटली की अहिराणीत शिरते. मी सांगितलं की भूक लागली की खाईल, हे सायन्स आहे. आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी माणूस मारलाय. आमच्याकडे गॅस शेगडी दुरुस्त करायला आलेलाही भाकर खाल्ल्याशिवाय जात नाही. पाहुणा जेवल्याशिवाय आई ताटावर बसत नाही. आज तिने अर्धीच भाकर खाल्ली.

१२ जानेवारी
वजन ११३. स्वयंपाकघरातला काटा आहे, पिठाचा अंश राहिला असेल.

दिपमालाला फोटो पाठवला. बादल, त्याच्यापुढे गाजर, चोच खाली. चोच खाली होती कारण तो नख कुरतडत होता. पण हे खोटं नाही. फ्रेमिंग आहे. तिने लाल हार्ट पाठवलं. दिवसभर कादंबरीला हात लावला नाही, आनंदात लिहिता येत नाही.

१९ जानेवारी, दुपारी
११५. वाटी जशीच्या तशी भरलेली. खात काही नाही आणि वजन वाढतं. तीन तास विचार केला. निष्कर्ष: ताज्या भाजीच्या वासातूनच त्याला पोषण मिळतंय. यावर चार पानं लिहिली. कादंबरीपेक्षा वेगाने लिहिली. बाबांना वाचून दाखवली, त्यांनी पेपर अजून वर धरला. ज्योती म्हणाली, बक्षीस घ्यायला परदेशी जाशील तेव्हा स्वेटर ने.

२२ जानेवारी
डॉक्टरांकडे. माझी थिअरी अर्ध्यात थांबवली. म्हणाले, बिया एकदम बंद करायला कोणी सांगितलं? काही खाल्लं नाही तर दोन दिवसांत मरतात हे. हा खातोय, कुठेतरी खातोय, शोधा. वर म्हणाले, थव्यातलं पाखरू आहे, दुसऱ्याचं बघून खातं. तुम्ही समोर बसून भाजी खा, तो खाईल. मी म्हटलं, मी भाजी खात नाही. त्यांना विनोद वाटला.

संध्याकाळी प्रयत्न केला. पिंजऱ्याचं दार उघडलं, गाजर ओठांपर्यंत नेलं, चावल्याचा आवाज केला. बादल एक डोळा माझ्यावर लावून बसला. फसला नाही. मग भूक लागली म्हणून शेव घेतली. तो उडत आला आणि थेट बशीच्या काठावर बसला. एक शेव दिली. एका शेवेला वजनच नसतं. काट्यावर दाखवतसुद्धा नाही.

(तशी रोजची एकच. कधी दोन.)

३० जानेवारी, सायंकाळी ५
दार लावून घेतलंय. लिहितो.

असोद्याला प्रेमराजच्या शेतात भरीत पार्टी होती. माझा कॉलेजचा मित्र. पुऱ्या संपल्या म्हणून लवकर परत आलो. स्वयंपाकघरात आवाज. बघतो तर ओट्यावर बादल, पुढे स्टीलची ताटली, भोवती सगळं घर. आईच्या हातात तूप लावलेल्या भाकरीचा कुस्करा. बाबांच्या मुठीत शेंगदाणे. ज्योतीकडे बिस्किट. शेजारचे लीलाधर नाना केळीचे वेफर्स घेऊन. आणि तेही एकमेकांकडे बघतायत, कारण प्रत्येकाला आजपर्यंत वाटत होतं की आपण एकटेच देतोय. आज सगळे एकाच वेळी आले होते.

मी विचारलं, हे कधीपासून. आई म्हणाली, दुसऱ्या दिवसापासून. मी म्हटलं, त्याचं लिव्हर. आई म्हणाली, "आपला घरमा पाव्हना उपाशी नही ऱ्हास." नाना म्हणाले, "पाखरू शे ते, कलेक्टर नही. खाऊ दे ना, भाऊ."

म्हणजे मी एकटा नियम पाळत होतो. शेव सोडून.

३१ जानेवारी
पिंजऱ्यावर नोटीस: 'याला काही देऊ नये. हुकुमावरून.' नाना म्हणाले चष्मा घरी राहिला.

१० फेब्रुवारी
११९. बादलने नोटीस फाडली. मग चार्ट. शुक्रवार पूर्ण कुरतडला, शनिवार अर्धा. इतक्या दिवसांत चार्टला पहिल्यांदा तोंड लावलं. दिपमालाला कळवलं: "आता चार्टप्रमाणे सुरुवात झालीय."

१८ फेब्रुवारी
बादल सकाळपासून पिंजऱ्याच्या तळाशी. पिसं फुगवून. शीळ नाही. दांडीवर चढताना धाप लागते. मी बसलो, उठलो, बसलो. डॉक्टरांनी लिव्हरचं औषध दिलं, दिवसातून दोनदा तीन थेंब. मला पुन्हा विचारलं, समोर बसून खाता का. हो म्हटलं.

दिपमालाला सांगावं का? टाईप केलं, डिलीट केलं. उगाच तिला काळजी. आज शेव दिली नाही. मीही खाल्ली नाही, दुपारपर्यंत.

२४ फेब्रुवारी
पुन्हा दांडीवर. शीळ अर्धी. बरं वाटलं म्हणून एक शेव. दोघांनी.

२८ फेब्रुवारी, दुपारी १.२०
दिपमाला साडेबाराला आली. तिला धुळ्यात खोली मिळालीय. बादलला काट्यावर ठेवलं. १२१. तिने त्याला उचलून पुन्हा दांडीवर ठेवलं. फोटो, हार्ट, कशाचाच विषय नाही. आईला विचारून डांगर, आपला लाल भोपळा, उकडायला टाकला. फोडी ताटलीत घेऊन फरशीवर मांडी घातली आणि खाऊ लागली. हळूहळू, त्याच्याकडे न बघता. बादल दांडीवरून उतरला. ताटलीच्या काठावर आला. एक फोड टोचली. मग खाल्ली. खरंच खाल्ली. आईचे डोळे भरले. तीही बसली, बाबा बसले, ज्योतीसुद्धा. सगळं घर डांगर खातंय आणि मधे तो.

मग दिपमालाने एक फोड माझ्याकडे सरकवली.

"वजनाचं राहू दे. एवढी एक खा त्याच्यासमोर. घरी सांगायचं आजच सांगते."

मी म्हटलं, आलोच, एक मुद्दा टिपून ठेवतो, आणि वर आलो. मुद्दा हा की मला डांगर आवडत नाही असं नाही. प्रश्न चवीचा नाही, त्या गिळगिळीतपणाचा आहे. शिवाय अशा अटीवर खाल्लेल्या घासाला काय किंमत? तत्त्वाचा प्रश्न आहे. लेखकाने दडपणाखाली काही करू नये. आज एक फोड, उद्या गिलकी, परवा दोडकी, आयुष्यभर.

आणि प्रेमराजचा फोन येणार होता. आला नसेल, पण येणार होता. असोद्याला जाऊन यावं. तासाभरात परत. फार तर संध्याकाळ. तोपर्यंत फोड गार होईल, मग कोणीच आग्रह करणार नाही.

खालून आई हाक मारतेय. आता दिपमालाही. जिन्यावर पावलं वाजतायत.

गाडीची चावी खिशात आहे. गच्चीतून मागचा जिना उतरतो. निघालो.