वरच्या गोलाची जमीन

मी, गोदाबाई कान्हा धानके, वय ७२, धंदा शेती, राहणार करवंदपाडा, सापगावजवळ, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या अकलेने आणि माझ्या तोंडाने सांगून लिहून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. त्या दाखल्याची गरज माझ्या मुलाला पडेल, मला नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही, धाक दाखवलेला नाही. मला धाक दाखवणारा माणूस सापगावापासून मुरबाडपर्यंत अजून जन्माला यायचा आहे. वकीलबाई म्हणाल्या, हे शेवटचे वाक्य मृत्युपत्रात लागत नाही. मी म्हटले, मला लागते.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. गेल्या महिन्यापर्यंत त्याची गरज वाटली नव्हती.

१. माझे पती कान्हा हे करवंदपाड्यात घरजावई म्हणून आले आणि इथेच वारले. फार गरीब माणूस. त्यांना फुटबॉलमधले काही कळत नव्हते, पण माझा घसा बसला की गरम पाणी करून द्यायचे. आम्हाला एकच मुलगा, अनिल. तो बायको सारिकेसह शहापूरला राहतो. याखेरीज मला वारस नाही.

२. करवंदपाड्यातील राहते घर, परसासह, मी अनिलला देते. परसात बांबूचे बेट आहे. त्यातले सहा बांबू दरवर्षी दिवाळीनंतर गोलाच्या खांबांसाठी करवंद फुटबॉल क्लबला द्यायचे. सरळ आणि जून बघून द्यायचे. कोवळा बांबू दिला की बॉल आपटल्यावर खांब वाकतो आणि मग बॉल आत का बाहेर यावरून डोकी फुटतात.

३. बँकेतील शिल्लक आणि माझ्या पाटल्या सून सारिकेला. अनिलला नाही, कारण जो हात पसरेल त्याला तो देऊन टाकील. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही सारिकेनेच करावी. तिला नाही म्हणता येते. मला तिने कितीदा तरी तोंडावर म्हटले आहे, तेव्हा राग आला होता, आता बरे वाटते.

४. दोन फावडी, चार घमेली आणि बांध चोपायचे लाकडी पाटे क्लबला. कमिटीला नाही, क्लबला. कमिटी म्हणजे खुर्च्या मांडून बसणारे, आणि क्लब म्हणजे बांध फोडायला येणारे. खेळायचे मैदान अर्धे माझ्या शेतात, तरी कमिटीने मला एकाही मीटिंगला बोलावले नाही. एकदा मी आपणहून गेले तर म्हणाले, “मावशी, तुमी चहाचं बघा.” चहाचे मी काही बघितले नाही. उभी राहून त्यांना सांगितले की तुमचा डावखुरा पोरगा उजवीकडे खेळवताय, तुमची अक्कल काय गहाण पडली आहे? पुढच्या मॅचला तो डावीकडे खेळला. का, ते कोणी सांगितले नाही.

५. आता जमीन. यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

माझ्या बापाने, गोमा शेलवले यांनी, हयातीत माझ्या नावे केलेले भातशेत. सातबारा माझ्या एकटीचा. चतुःसीमा अशी: पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस करवंदीची जाळी, दक्षिणेस बारकू सखाराम रोकडे यांचे शेत. मात्र ही चौथी हद्द वर्षातून निम्मेच दिवस असते. भात कापून झाले की माझ्या आणि बारकूच्या शेतामधला बांध आम्ही फोडतो, दोन्ही शेतांचे एक मैदान होते, आणि उन्हाळाभर त्यावर करवंद क्लब खेळतो. पाऊस तोंडावर आला की बांध परत घालतो. आमच्या दोघांच्या बापांपासून हे चालू आहे, कागदावर कुठेच नाही. म्हणून आज कागदावर आणते.

माझे शेत वर, त्याचे खाली. त्यामुळे मैदानाला उतार आहे. वरचा गोल माझ्या जमिनीत, खालचा बारकूच्या. वरच्या बांधावर मी बसते, खालच्या गोलामागे तो, आणि मॅचभर आम्ही एकमेकांवर ओरडतो. माझे म्हणणे, टॉस जिंकला की आधी वरून खाली खेळा, दोन गोल चढवा आणि मग दम धरून बचाव करा. त्याचे म्हणणे, आधी चढावर खेळा, समोरचे दमले की उतार घ्या. अख्खा गाव यात वाटला गेला आहे. दोन कॅप्टन या वादापायी क्लब सोडून गेले. बारकू चुकतो हे मी येथे नमूद करते.

पण आमचे खरे भांडण वेगळे आहे. अनिल क्लबात खेळायचा तेव्हा सिद्धगडच्या बाजूची मुरबाडची टीम फायनलला आमच्या मैदानात आली होती. एक-एक बरोबरी, वेळ संपत आलेली, आम्ही उतारावर. माझ्या अनिलने खालच्या गोलावर असा सणसणीत शॉट मारला की गोलकीपर जागेवरच बसला. बॉल कसाबसा त्याच्या पायाला लागून परत आला. आमची पोरे नाचायला लागली, त्यांची पोरे नाही नाही करायला लागली. आमच्या गोलाला जाळी नसते. पंच लांब होता. गोलामागे बसलेला माणूस एकच, बारकू. पंचाने त्याला विचारले. मुरबाडवाले हिरमुसले, म्हणाले हा तर घरचा माणूस, हा हो म्हणणारच.

बारकू उठून उभा राहिला आणि म्हणाला, “रेषेवर अडला. पुरता आत नाय गेला.”

आम्ही पेनल्टीवर हरलो. पेनल्टीआधी गोलकीपर कोणी बदलला, हा आणखी एक वाद आहे, त्याला वेगळे मृत्युपत्र लागेल. गावाने बारकूला गद्दार म्हटले, मीही म्हटले. पण त्या संध्याकाळी देवळापुढे दोघाचौघांनी बॉल सोडून त्याची जात काढली. मी तिथेच उभी राहिले आणि म्हटले, बॉलवर बोला. बारकूला शिव्या द्यायला मी एकटी पुरे आहे, आणि माझ्या शिवीत जात नाय. ती तोंडे तेव्हापासून माझ्यासमोर बंद आहेत. नावे मला पाठ आहेत, पण मेल्यावर बदनामीचा दावा कोण लढणार, म्हणून लिहीत नाही.

बॉल आत होता. हे मी शपथेवर सांगते. बारकू म्हणतो, “गोदू, तू बसलेली वरच्या बांधाला. तिथून तुला बॉल दिसला का माझं टकुरं?” मी म्हणते, दोन्ही दिसली, आणि बॉल आत होता. दळण टाकायला जाताना, बाजाराला जाताना, कुणाच्या लग्नात पंगतीला बसल्यावरसुद्धा आमचे हे चालते. कान्हा गेले तेव्हा मात्र तेराव्यापर्यंत त्याने बॉलचे नाव काढले नाही. रोज यायचा, ओटीवर गप्प बसायचा, जायचा. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी घर मला खायला उठले. मीच विचारले, “काय रे बारकू, आत होता ना?” तो म्हणाला, “नाय गो.” त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

आता गेल्या महिन्याचे. भात कापून झाल्यावर मी शेतावर गेले तर पांढऱ्या चुन्याच्या रेषा मारलेल्या. मला वाटले, यंदा पोरांनी लवकर मैदान आखले. बरे वाटले. गोलासमोरची चौकट अरुंद मारली म्हणून मनातल्या मनात शिव्याही दिल्या. पुढे गेले तर कोपऱ्यात लाल रंगाची खुंटी आणि तिच्यावर चार नंबर. तिथे टोपी घातलेला एक मनुष्य फीत धरून उभा होता. म्हणाला, “आजी, हा कॉर्नर प्लॉट. अनिलशेठ हो म्हणालेत, पुढं-मागं जमीन त्यांचीच ना.” म्हणजे माझ्या मरणानंतरचा शब्द दिलेला, चुना तेवढा आधी.

मी अनिलला तिथेच बोलावून घेतले. चुन्यावर उभी राहून विचारले, “विकणार तू हे?” म्हणाला, “हो आई.” मी म्हटले, “विकायचं नाय.” म्हणाला, “बरं आई.” चार दिवसांनी पुन्हा चुना मारलेला. त्या टोपीवाल्यालाही तो बरे म्हणाला होता. माझ्या मुलात वाईट काही नाही. तो सगळ्यांनाच हो म्हणतो.

वरचे शेत गेले की बारकूच्या शेतात एकच गोल उरेल. एका गोलावर कोणी मॅच खेळत नाही. क्लब संपेल.

म्हणून वर वर्णन केलेली माझी संपूर्ण जमीन, बांधासह, मी बारकू सखाराम रोकडे, वय ७३, राहणार करवंदपाडा, यांना देते. त्यांनी पावसाळ्यात भात करावे, भात निघाले की बांध फोडावा, आणि जमीन विकू नये. वकीलबाई म्हणतात, विकू नये ही अट कायद्यात टिकत नाही, एकदा दिली की मालक तो. कायद्यात टिकत नसेल तर नसो. बारकूत टिकेल.

तो मला आवडतो म्हणून देत नाही. त्याला चुकीचे दिसले, पण दिसले तेच तो बोलला, अख्ख्या गावासमोर, स्वतःच्या क्लबाविरुद्ध. माझ्या जिभेच्या तडाख्यात इतकी वर्षे काढून तो तसूभर हलला नाही. असा माणूस प्लॉटवाल्याने काय हलणार!

हे सांगायला मी त्याच्या खळ्यावर गेले. तो भात झोडत होता. ऐकून हातातला पेंढा खाली ठेवला आणि म्हणाला, “मला नको. गाव म्हणेल गोदूनं लाच दिली. आणि दिलीस तरी सांगून ठेवतो, बॉल बाहेरच होता.” मी म्हटले, “तुला विचारायला नाय आले, सांगायला आले.” येताना वाटेत मला रडू आले. वकीलबाई हे लिहायला नको म्हणत होत्या, पण ते खरे आहे.

बारकू माझ्याआधी गेला तर त्याला मी कधीच माफ करणार नाही. तसे झालेच तर जमीन त्याची नात मेघा रत्नदीप रोकडे हिला. परवा ती मला भर मैदानात म्हणाली, “आजी, तुमाला ऑफसाइड अजून नाय कळला.” मेघा चालेल.

६. अनिल, हे कलम तुझ्यासाठी. तुला वाटेल आईने परक्याला जमीन दिली आणि तुझा हक्क मारला. मग लढ. वकील गाठ, दावा लाव, म्हातारीला वेड लागले होते म्हण. डॉक्टरांचा दाखला त्यासाठीच जोडला आहे. तो शॉट तुझा होता, पोरा. मी वरच्या बांधावरून तुझ्यासाठी घसा फाडत होते आणि तू पंचाला “बरं” म्हणून पाठ फिरवलीस. त्या दिवशी बारकूपेक्षा तुझा राग जास्त आला होता, तुला कधी बोलले नाही. तुझ्यावर माझा जीव आहे, तो घरात आणि बांबूच्या बेटात देऊन ठेवला आहे. पण त्या चुन्यावर उभा राहून तू एकदा जरी “आई, तू चुकतेस” म्हणून माझ्यावर ओरडला असतास, तर ही जमीन तुझी होती.

वरील सर्व मला वाचून दाखवले, दोन ठिकाणी मी दुरुस्त करायला लावले, आणि पटले म्हणून सही केली.

(सही) गोदाबाई कान्हा धानके

साक्षीदार: गोदाबाईंनी आम्हा दोघींच्या देखत सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली. या मृत्युपत्रात आम्हाला काही मिळायचे नाही.

१. (सही) राही अनंत विशे, राहणार सापगाव
२. (सही) लहानी पांडू वारघडे, राहणार करवंदपाडा

ठिकाण: शहापूर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५